विष गोड का ठेवता, असं विचारणाऱ्या निर्मलाताई

आयर्लंडमधल्या कासलबारच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. निर्मला सबनीस यंदा साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या वैद्यकीय कामाविषयी त्यांचे विद्यार्थी या गौरवग्रंथात अधिकाराने लिहितीलच. मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यातला इंजिनियर, त्यांचा शेजारी. आमची पहिली ओळख ज्या दुपारी झाली, ती दुपार मी सांगतो.

शेजारच्या शेमसनी जुन्या गाडीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गोठू नये म्हणून घालतात ते हिरवं द्रव, पसरट भांड्यात काढून ठेवलं होतं आणि फोन वाजला म्हणून ते आत गेले होते. आमच्या दोन घरांमध्ये कुंपण नाही. माझी सई तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. खेळातला कप घेऊन ती तिथे पोचली. मी मागोमाग गेलो, तर तिचे ओठ हिरवट झालेले.

"इट्स स्वीट, बाबा!" ती खुशीत म्हणाली.

मी तिचं तोंड धुतलं. ती खुदखुदत होती, जरा झोकांड्या खात होती. शेमस बाहेर येऊन म्हणाले, "शी'ज ग्रँड! काही झालं नाही तिला. नाचतेय बघ कशी."

मी सईला म्हटलं, "नीट उभी राहा बघू." ते मराठी ऐकून रस्त्यावरून चाललेल्या एक बाई थबकल्या. समोरच्या घरात नुकत्याच राहायला आलेल्या. त्या मराठी आहेत, डॉक्टर आहेत, यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांनी सईकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं आणि हातातल्या पिशव्या तिथेच सोडल्या.

"किती प्यायली?"

"थोडंसंच असेल. आता बरी आहे ती."

"बरी नाही. तिला चढली आहे. गाडी काढा, आत्ता!"

वाटेतच त्यांनी हॉस्पिटलला फोन करून उतारा तयार ठेवायला सांगितलं. हे द्रव आधी दारूसारखं चढतं आणि मग मूत्रपिंडं निकामी करतं, हे त्यांनी मला सई धोक्याबाहेर गेल्यावर सांगितलं. त्या दिवशी त्यांना सुट्टी होती. तरीही त्या तिच्या खाटेपासून हलल्या नाहीत.

सई खडखडीत बरी झाली. पण आम्ही हॉस्पिटलात असतानाच शेमसचा फोन आला. त्यांचा कुत्रा रस्टी गेला होता. भांड्यात उरलेलं त्याने चाटलं, हे कुणी पाहिलंच नव्हतं. भांडं तेच होतं.

शेमसनी घराबाहेर पडणं सोडलं. ताई स्वतः त्यांच्याकडे गेल्या, रस्टीला परसात पुरायला हात लावला, मग स्वयंपाकघरात चहा घेत बसल्या. मीही होतो. शेमस म्हणाले, "मला वाटायचं, असलं काही कडूच असणार. आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या, पण हे गोड असतं असं कधी कुणी बोललं नाही."

"कडू करता येतं," ताई म्हणाल्या. "एक पदार्थ असतो, अगदी कणभर पुरतो. अमेरिकेतल्या काही राज्यांत तो घालण्याची कायद्याने सक्ती आहे. इथे नाही. इथे ते बनवणाऱ्याच्या मर्जीवर."

"मर्जीवर?" मी पुन्हा विचारलं. माझा विश्वासच बसेना.

त्यानंतर ताईंनी हा प्रश्न सोडला नाही. गावातल्या सभागृहात त्यांनी बोलावलेल्या बैठकीत गाड्यांचं सामान विकणारे एक गृहस्थ म्हणाले, "आईबापांनी मुलांकडे लक्ष द्यावं, म्हणजे झालं." ताईंनी त्यांच्यापुढे ग्लास ठेवला. "साधं पाणी आहे. त्यात तो पदार्थ घातलाय, अपाय होणार नाही." त्या गृहस्थांनी घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं करत ते बेसिनकडे धावले. सभा खो खो हसली. ताई हसल्या नाहीत. "दुसरा घोट तुम्ही घेतला नाहीत," त्या म्हणाल्या. "मुलांसाठी मला तेवढंच हवं आहे."

कुणीतरी विचारलं, "मग एकही मूल दगावणार नाही?" हो म्हणाल्या असत्या, तर सभा त्यांचीच होती. पण त्या म्हणाल्या, "तसं मी सांगणार नाही. पहिला घोट जाणारच, आणि तोही घातक ठरू शकतो. डबा कुलपातच हवा." आपल्या बाजूचं असलं तरी खऱ्यापेक्षा तसूभरही जास्त त्या बोलत नाहीत.

ते गृहस्थ आता कडू केलेलंच कूलंट विकतात. बैठका दुसऱ्या गावी असल्या की शेमस ताईंना गाडीने नेतात, आणि रस्टीचं काय झालं ते उभं राहून स्वतः सांगतात. कायदा मात्र अजून झालेला नाही.

ताई, साठीनंतर आराम करा असं तुम्हाला सांगण्याची आमची प्राज्ञा नाही. तुमचे गुडघे शाबूत राहोत, आवाज असाच खणखणीत राहो, आणि डब्लिनच्या संसदेत हा कायदा मंजूर होईल त्या दिवशी प्रेक्षकांच्या सज्जात तुम्ही ठणठणीत बसलेल्या असा. शेजारच्या खुर्चीवर सई असेल.