आत्याच्या बोटाची पाकळी

दिवाळीनंतरच्या आठवड्यात, मी एका ऑनलाइन गेममधल्या दुकानात विकायला ठेवलेल्या शालीच्या काठावर मी न काढलेल्या पाकळ्या उमटल्या.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. म्हैसूरला वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो तेव्हा वाचकांचे असे अनुभव टपालात यायचे आणि ते बाजूला ठेवायचं काम माझंच होतं. म्हणून इथे फक्त तपासलेलं लिहितो.

या गेममध्ये खेळणारे स्वतः कपडे बनवून गेममधल्याच दुकानात विकू शकतात. मी शालीसाठी घरचा लाकडी ठसा वापरला. आम्ही मूळचे रंगारी. छपाई केव्हाच बंद झाली. ठसा म्हैसूरच्याच मंडी मोहल्ल्यात सुशीलाआत्याकडे असतो. त्यातल्या फुलाची एक पाकळी तुटलेली आहे. पूर्वी छापून झालं की आत्या उजवी तर्जनी लाल रंगात बुडवून प्रत्येक फुलात ती पाकळी भरायची.

मी ठशाचा फोटो काढत होतो तेव्हा ती म्हणाली, "पाकळी भरल्याशिवाय कापड दाराबाहेर द्यायचं नाही हं."

"कापड नाही गं, कम्प्युटरवरचं चित्र आहे."

"हौदा? असं होय? कोण तरी अंगावर घालणार ना पण?"

"गेममधल्या बाहुल्या घालतात."

"अय्यो, मग बाहुलीला कोरी पाकळी द्यायची काय? रविवारी ये. रंग कालवून ठेवते."

शनिवारीच मी शाल दुकानात पाठवून दिली, पाकळीची जागा कोरी ठेवून. रविवारी गेलो नाही. दसऱ्याची गर्दी, हे कारण स्वतःला दिलं. फोनही केला नाही.

शाल खपू लागली. मग एका अनोळखी खेळणाऱ्याचा निरोप आला — 'प्रत्येक पाकळी वेगळी काढलीय, केवढी मेहनत!'

गेम उघडला. पाकळ्या होत्या... लाल, किंचित तिरक्या, बोटाच्या रेषांसकट. एकही दुसरीसारखी नव्हती. हे होऊ शकत नाही. मी एकाच फुलाचं चित्र दिलं आहे. काठभर तेच पुन्हा पुन्हा उमटतं. बदललं तर सगळीकडे सारखंच बदलायला हवं. माझ्या फाइलमध्ये ती जागा कोरी आहे. दुकान चालवणाऱ्यांना विचारलं. त्यांच्याकडची प्रतही कोरी असल्याचं त्यांनी कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याकडे गेलो. ती पायरीवर बसून अवरेकाळूच्या शेंगा सोलत होती — डाव्या हाताने.

"या! पेपर रोज येतो दारात. पेपरवाला मात्र महिन्यानं."

"उजव्या हाताला काय झालं?"

"काय की. डोळा लागला की छापायला बसते बघ मी. एक तागा सरला की दुसरा पुढ्यात. साकु रे बाबा, पुरे, म्हणते. ऐकतंय कोण?" ती हसली. "एवढं कापड कोणाचं असंल रे?"

मी तिचा उजवा हात उलटून पाहिला.

तिची तर्जनी पेरापर्यंत लाल होती. टोकाची कातडी सोलली होती. लिंबू लावून, साबणाने घासून पाहिलं. रंग गेला नाही. मी घर शोधलं. रंग कुठेही नव्हता. त्या रविवारी कालवलेला तिने संध्याकाळपर्यंत वाट पाहून मोरीत ओतला होता.

त्याच दिवशी शाल दुकानातून काढून टाकली. नवीन विक्री थांबली. पण ज्यांनी आधी घेतली त्यांच्याकडे ती राहते, परत घेण्याची सोय नाही. ते खेळताना ती वापरतात. डॉक्टरांनी मलम दिलं आहे. काठावर पाकळ्या कशा आल्या याचा खुलासा माझ्याकडे नाही, दुकानाकडे नाही. कापड कोणाचं, हे आत्याला मी अजून सांगितलेलं नाही.

काल तिच्याकडे गेलो होतो. ती दुपारच्या झोपेतून नुकतीच उठली होती. पट्टी बदलायला मी तिचा हात हातात घेतला. रंग ओला होता.