हात कोरडे, नाय

व्हेलिन गालोसोच्या घरात एक कायदा होता. अंग तापलेलं असताना पाण्याला हात लावायचा नाही. तापल्या हातांवर पाणी पडलं की पास्मा होतो, बोटं थरथरायला लागतात आणि माणूस कामातून जातो. हे एपिंगला, म्हणजे व्हेलिन जिला 'नाय' म्हणायची त्या तिच्या आईला, कुणी शिकवायची गरज नव्हती. पाद्रीबाबांचे झगे आणि शाळेतल्या बाईंचे स्कर्ट ती चाळीस वर्षं कोळशाच्या इस्त्रीनं कडक करत आली होती आणि आता कॉफी पिताना तिच्या हातातला कप बशीवर वाजत राहायचा. व्हेलिन जन्मली त्या वर्षी एकदाच, इस्त्री झाल्या झाल्या, तिनं बाळाचे लंगोट धुतले होते. सगळं खापर ती त्या एका बादलीवर फोडायची.

व्हेलिन व्हॉलीबॉल खेळायला लागली तेव्हा तिच्या उंचीबद्दल गावात सगळे बोलले, एपिंग सोडून. इलोइलोच्या शाळेतले कोच तर म्हणाले, "पोरी, जाळीवरून तुझा फक्त केसांचा बो दिसेल." मग त्यांनीच तिला लिबेरो केलं. लिबेरो म्हणजे मागं राहून जमिनीला टेकू पाहणारा चेंडू उचलणारी. तिनं स्मॅश मारायचा नसतो आणि तिची जर्सीही बाकीच्यांहून वेगळ्या रंगाची असते. व्हेलिनला हे काम फार आवडलं. कोपरं सोलवटून घ्यायची, चेंडू वर काढायचा आणि टाळ्या दुसरीला मिळाल्या की आपणच सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचं.

लेकीला लाडानं 'दाय' म्हणणाऱ्या एपिंगची अट एकच होती. "खेळ, दाय. पण खेळून आल्यावर सकाळपर्यंत पाणी नाही."

त्यामुळे शाळेची सगळी वर्षं व्हेलिन रात्री चमच्यानं जेवली आणि घामानं चिकट अंगानं झोपली. मैत्रिणी तिला सुकी मासळी म्हणायच्या.

एकोणिसाव्या वर्षी तिला मनिलातल्या एका संघानं घेतलं. संघ एका साबणाच्या कंपनीचा होता. जिला हात धुवायची बंदी, तिच्या छातीवर साबणाचं नाव! पहिल्याच दिवशी सराव संपल्यावर शेरिलनं, म्हणजे संघाच्या फिजिओनं, बर्फानं भरलेल्या टबाकडे बोट दाखवलं.

"उतर."

"मी नाही उतरत. आमच्यात चालत नाही."

"तुमच्यात गुडघे दुखलेले चालतात का?" शेरिलनं विचारलं आणि तिला खांद्याला धरून आत बसवलं.

त्या दिवशी आईचा फोन आला. एपिंगचा प्रश्न ठरलेला होता. "हात कोरडे?"

"कोरडे, नाय," व्हेलिन म्हणाली. तिचे केस तेव्हा टपटप गळत होते.

एकदा मारलेली थाप मग निभवावी लागते. व्हेलिननं ती सहा वर्षं निभवली. दर सामन्यानंतर टब, दर सामन्यानंतर फोन. ती बदली खेळाडूची नेहमीची खेळाडू झाली, तिच्या नावाचे फलक झळकू लागले, गावच्या जत्रेत तिचं चित्र बॅनरवर लागलं. फोनवरचं उत्तर मात्र बदललं नाही. आईला दुखवायचं नव्हतं, एवढंच तिचं म्हणणं. आईनं कधी शंकाही घेतली नाही, हेच तिला टोचायचं.

उपांत्य सामना जिंकला त्या दिवशी टीव्हीवाली मुलगी माइक घेऊन थेट टबापाशी आली. आता समोर कॅमेरा आला की आपल्याकडचा माणूस काय करतो? बुडत असला तरी आधी आईला हाक मारतो. व्हेलिननं बर्फातून दोन्ही ओले हात बाहेर काढले, जोरजोरात हलवले आणि म्हणाली, "हाय, नाय!"

हात वर असतानाच आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं. त्या दिवशी फोन आला नाही.

अंतिम सामन्याच्या सकाळी एपिंग स्वतःच आली. एक रात्र आणि एक दिवस बोटीत काढून, आंब्यांची पेटी आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन. व्हेलिननं वाकून आईचा हात कपाळाला लावला. तो हात कपाळावर थरथरत होता, नेहमीपेक्षा जास्त.

"हात पुढे कर," एपिंग म्हणाली. तिनं पिशवीतून कागद काढून लेकीच्या बोटांवर ठेवला. कागद पानासारखा फडफडू लागला. "बघ. झाला पास्मा. आजचा सामना खेळ आणि उद्याच्या बोटीनं घरी चल. मी गेले तशी तू जायची नाहीस."

"नाय, हे बर्फानं नाही. सहा वर्षं तुझ्याशी खोटं बोलले ना, त्यानं थरथरतायत."

"ते डॉक्टरकीचं बोलणं मला सांगू नकोस. सामन्यानंतर पुन्हा बघेन."

आता चषकापेक्षा व्हेलिनला त्या कागदाची धास्ती. पहिला सेट तिनं वाया घालवला. दुसऱ्यात मात्र एक सणसणीत चेंडू थेट एपिंगच्या खुर्चीच्या दिशेनं निघाला. व्हेलिननं मैदानाकडेचा जाहिरातीचा फलक तोडून झेप घेतली, चेंडू वर काढला आणि आईच्या पायांशी येऊन आपटली.

"लागलं?" एपिंगनं विचारलं.

"नाही."

"मग उठ की. अजून खेळ चाललाय."

तिथून व्हेलिनला कागद आठवला नाही. पाचव्या सेटला शेवटचा चेंडू पलीकडे पडला आणि साबणवाल्यांनी चषक जिंकला.

बाकीच्या मुली ओरडत टबात शिरल्या. व्हेलिन आईशेजारी बाकावर बसली, घामानं निथळत, पदक गळ्यात. शेरिलनं तीनदा बोलावलं, ती हलली नाही. खोटं पुरे झालं होतं. एपिंगनं कागद काढला. तो लेकीच्या बोटांवर गप्प पडून राहिला. एपिंगनं तो घडी करून पिशवीत टाकला.

मग तिनं नाकाला रुमाल लावला. "देवा, काय वास येतोय. जा बाई, बस त्या बर्फात."

"आणि हात?"

"हात माझ्याकडे दे."

व्हेलिन गळ्यापर्यंत बर्फात बसली, दोन्ही हात टबाबाहेर. एपिंग स्टूल ओढून बसली आणि तेल चोळू लागली. लेकीचे हात स्थिर होते, आईचे थरथरत होते. व्हेलिननं ते आपल्या तेलकट बोटांत घट्ट धरून ठेवले, आणि तेवढ्यापुरते तेही थांबले.

त्यानंतर व्हेलिन आणखी सात वर्षं खेळली. एपिंग दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं एकटीच घरी गेली होती. संघात नव्या आलेल्या मुलींनी जुन्यांचं बघून तीच रीत उचलली, अंग बर्फात आणि हात बाहेर. शेरिल कपाळाला हात लावायची. फोन मात्र दर सामन्यानंतर यायचा.

"हात कोरडे?"

"कोरडे, नाय," व्हेलिन टबातूनच म्हणायची, आणि आता ते खरं असायचं.