विचारल्याशिवाय नाव न छापणारे अण्णा

आदरणीय गंगाधरराव सोनखेडकर, म्हणजे आपल्या सगळ्यांचे अण्णा, यांची आणि माझी पहिली भेट माझ्या बहिणीच्या लग्नपत्रिकेवरून झाली, आणि त्या भेटीत मी त्यांच्यावर मनातून पार चिडलो होतो. वय बावीस. वडिलांनी लिहून दिलेला मजकूर घेऊन मी जालन्याच्या मस्तगड भागातल्या त्यांच्या छापखान्यात गेलो. अण्णांनी तो वाचला, कानामागची निळी पेन्सिल काढली आणि 'आपले विनीत' या शब्दांखालच्या एकेका नावावर तिचे टोक ठेवत विचारू लागले, "यांना विचारलं का? अन् यांना?" चौथे नाव माझ्या चुलत्यांचे होते. शेताच्या बांधावरून आमचे बोलणे बंद होते. पण पत्रिकेत नाव नसले तर भावकी काय म्हणेल, म्हणून वडिलांनी ते दडपून घातले होते. मी म्हणालो, "घरचंच नाव आहे, त्यांना काय विचारायचं?" अण्णा म्हणाले, "नाव त्यांचं आहे ना? मंग त्यांनाच विचारायचं. विचारल्याबगर मी न्हाई छापत."

झक मारत चुलत्यांच्या गावची, अंबडची एसटी धरली. चुलत्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तुला बापानं पाठवलं का?" मी खरे ते सांगितले, की बापाने नाही, छापखानेवाल्याने पाठवले. त्यांनी कागद मागून घेऊन आपले नाव वाचले. मग म्हणाले, "छाप म्हणावं." लग्नात त्यांनी पंगतीत स्वतः वाढले. मी परत आलो तेव्हा अण्णांनी माझ्याकडे निरखून पाहिले. "खरंच गेल्तास?" "गेल्तो की." "चौकात चहा पिऊन येऊन 'हो म्हणाले' असं सांगता आलं असतं." "आलं असतं." "मंग उद्यापासून कामाला ये."

ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. मला नोकरी मिळाली ती छपाईचे शिशाचे खिळे जुळवता येत होते म्हणून नाही. ते मी पुढे शिकलो. मी जाऊन विचारून आलो, म्हणून मला ठेवून घेतले.

अण्णांच्या छापखान्याने जुन्या जालन्यातल्या दोन पिढ्यांची लग्ने, बारशी, दुकानांची उद्घाटने आणि तेराव्याची निमंत्रणे छापली. खिळ्यांचे दिवस गेले, पायाने चालवायचे ट्रेडल मशीन गेले, ऑफसेट आले, कॉम्प्युटर आला. बदलली नाही ती निळी पेन्सिल. यादीतल्या माणसाला विचारून झाले की त्याच्या नावापुढे अण्णा एक बारीकशी खूण करीत. खूण नसलेले नाव जुळवायचे नाही, हा आमच्याकडचा एकमेव नियम. गिऱ्हाइके वैतागत. "अण्णा, तुम्ही छापखाना चालवून राह्यले की जनगणना?" असे एका कापड दुकानदारांनी विचारले होते. अण्णा हसले आणि त्यांच्या भागीदाराला विचारायला निघून गेले.

त्यांच्या माणुसकीविषयी पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात अनेकजण लिहितील. मी एवढेच सांगतो की माझ्या पत्नीच्या ऑपरेशनच्या वेळी अण्णा रोज दवाखान्यात येऊन बाकावर बसत.  शेजारच्या खाटेवरच्या आजींना वाटले, हे माझे वडील. मी ते खोडून काढले नाही.

आता ज्यासाठी मी लिहायला बसलो तिकडे वळतो.  मी मुळातच भित्रा माणूस. पोलिसांची गाडी रस्त्याने गेली तरी आपले काही चुकले का, असे मला वाटते. आणि निवडणूक आली की मला छापखाना बंद ठेवावासा वाटतो, कारण निवडणुकीत छापखान्याच्या दारात जी माणसे येतात ती विचारायला येत नाहीत, सांगायला येतात.

काही वर्षांपूर्वी आपल्या भागातले एक आमदार खासदारकीला उभे राहिले. त्यांचा उल्लेख मी 'साहेब' असाच करणार आहे. प्रचार जोरात आला तेव्हा त्यांचा एक माणूस पत्रकाचा मजकूर घेऊन आमच्याकडे आला. 'प्रतिष्ठित नागरिकांचा जाहीर पाठिंबा', आणि खाली चाळीसएक नावे. डॉक्टर, वकील, व्यापारी, निवृत्त शिक्षक. "जल्दी पाहिजे," तो म्हणाला. अण्णांनी पेन्सिल काढली. "विचारून घेतो अन् देतो." त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण अण्णांच्या वयापुढे तो काही बोलला नाही. जाताना मात्र माझ्या टेबलाशी थांबला आणि अगदी घरच्यासारखा म्हणाला, "सुधाकरराव, पोरगं कसंय? मान्यता आली का?"

 माझा मुलगा साहेबांच्या शिक्षण संस्थेत शिक्षक म्हणून लागला होता आणि त्याच्या नेमणुकीला सरकारची मान्यता यायची होती. संस्थेने कागद पुढे सरकवला तर ती येणार, नाहीतर पोरगा घरी बसणार. हे मला ठाऊक होते, आणि मला ठाऊक आहे हे त्या माणसाला ठाऊक होते.

शहरातली नावे अण्णांनी स्वतः उन्हातान्हात फिरून विचारली. दोघांनी नकार दिला. त्यांची नावे गाळली. परतूरचे एकच नाव होते, कमलबाई आष्टीकरांचे. त्या तिथल्या निवृत्त मुख्याध्यापिका, अर्ध्या परतूरला त्यांनी शिकवलेले. अण्णांनी मला पाठवले. मी गेलो. बाईंनी पाणी दिले, चहा दिला, कागद वाचला आणि म्हणाल्या, "न्हाई बा. मला कुणी विचारलं न्हाई. अन् विचारलं असतं तरी न्हाईच म्हणले असते. मत गुप्त असतं, असं मी नागरिकशास्त्रात शिकवलंय पोरांना. आता मीच पत्रकावर सांगत फिरू का?"

रेल्वेत परत येताना मी मनाशी हिशेब करीत होतो. शहरातली दोन नावे आधीच गेली होती. परतूर तालुक्यात साहेबांना बाईंचेच नाव हवे होते. ते गळले तर 'कुणी गाळले' हा प्रश्न येणार, आणि विचारायला गेलेला मी. छापखान्यात पोचलो तेव्हा अण्णा जेवायला घरी गेले होते. निळी पेन्सिल टेबलावर पडली होती. मी ती उचलली आणि कमलबाईंच्या नावापुढे खूण केली. अण्णा आले, यादी बघितली, म्हणाले, "बाई हो म्हणल्या? नवलच." मी मान हलवली. बस. पत्रक मशीनवर चढले.

चौथ्या दिवशी सकाळी कमलबाई पहिल्या गाडीने आल्या. हातात पत्रक. त्यांनी आवाजही चढवला नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हे आल्ते माझ्याकडं. मी स्पष्ट न्हाई म्हणले होते. आता पोरं मला रस्त्यात विचारून राह्यली, बाई, मत गुप्त असतं ना?" एवढे बोलता बोलता बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. मला वाटले, जमीन फाटावी. अण्णांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ते उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "बाई, चूक माझी आहे. माणूस मी पाठवला होता, खूण माझ्या पेन्सिलीची आहे."

त्याच दिवशी अण्णांनी दुसरे पत्रक जुळवायला घेतले. मला हात लावू दिला नाही. चारच ओळी: आधीच्या पत्रकात कमलबाई आष्टीकर यांचे नाव त्यांची संमती नसताना छापले गेले आहे, चूक सर्वस्वी मुद्रकाची आहे, बाईंची आणि वाचकांची क्षमा मागतो. खाली स्वतःचे पूर्ण नाव. मी त्यांचा हात धरला. "अण्णा, नका. ते लोक आपल्याला जगू देणार न्हाईत." अण्णांचा हात घामाने ओलाचिंब होता. मला तेव्हा पहिल्यांदा कळले की अण्णांनाही भीती वाटते. ते म्हणाले, "मला बी भ्या वाटून राह्यलंय सुधाकर. पण बाईंनी परतुरात तोंड कसं दाखवायचं?"

पत्रक गाडीने परतूरला गेले आणि दोन दिवसांत जिल्हाभर झाले. पुढचे दिवस आठवले की आजही जेवण जात नाही. छापखान्यासमोर सकाळी मोटारसायकली येऊन लागत. त्यांवर बसलेली माणसे काही करीत नसत, नुसती आत बघत बसत. फोन वाजे, उचलला की पलीकडे कुणी बोलत नसे. एके सकाळी आम्ही आलो तर दारावरची पाटी खाली पडलेली होती, मधोमध वाकलेली. नेहमीची गिऱ्हाइके समोरच्या फुटपाथवरून मान खाली घालून जात. माझी तर पाचावर धारण बसली होती. रिक्षा थांबली तरी मी मशीनमागे जाई. अण्णांनी आपली खुर्ची आतून उचलून दारात नेऊन ठेवली आणि दिवसभर तिथेच बसू लागले. साहेबांचा तो माणूस आला आणि विचारले, "हे कुणी केलं?" अण्णा म्हणाले, "खाली नाव छापलंय की. वाचता येतं ना?"

मी मागे उभा होतो. एक पाऊल पुढे टाकून 'खोटी खूण मी केली' एवढे म्हणायचे होते. नाही टाकले.

साहेब थोडक्यात पडले. लोकांनी माफीच्या पत्रकाला बोल लावला, आणि त्याखाली नाव अण्णांचे होते. सरकारी कार्यालयांची छपाई आमच्याकडून गेली ती परत आली नाही. आणि माझ्या मुलाची मान्यता मात्र आली, कारण साहेबांच्या लेखी मी त्यांचे काम चोख केलेला माणूस होतो. पेढे घेऊन मी अण्णांकडे गेलो तेव्हा त्यांनी या सगळ्याविषयी एकच वाक्य उच्चारले. पेढा हातात धरून म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर दोघं मिळून घाबरलो असतो." मला कामावरून काढले नाही. पेन्सिलही कुलपात ठेवली नाही. ती टेबलावरच असे, माझ्या हाताशी.

आता साहेब पुन्हा उभे राहून राह्यले. मुलगा अजून त्यांच्याच संस्थेत आहे. मोटारसायकली परत दिसू लागल्या आहेत. गौरव समितीतले काहीजण म्हणतात, साहेबांचा शुभेच्छा संदेश ग्रंथात पहिल्या पानावर घ्यावा, म्हणजे झाले गेले विसरले जाईल; आणि त्यांच्या पाठिंब्याच्या पत्रकावर यंदा अण्णांचेच नाव यावे असा निरोपही आला आहे. अशा वेळी हा लेख लिहिणे शहाणपणाचे नाही, हे मला बिलकुल समजते. पण अण्णा पंच्याहत्तर वर्षांचे झाले आणि गावात अजून त्यांच्याविषयी 'एकदा मात्र चुकले बुवा' असे म्हणतात. ते चुकले नव्हते. आता मी गप्प राहिलो तर हा डाग त्यांच्याबरोबर जाईल, आणि मग मला कुणीच क्षमा करू नये.

छापखान्याच्या नियमाप्रमाणे मी सगळ्यांना विचारले. परतूरला जाऊन कमलबाईंना विचारले. त्या आता फार थकल्या आहेत. म्हणाल्या, "घाला माझं नाव. या वेळेला खरंच आलात, हे बी घाला." मुलाला विचारले. तो खूप वेळ आपल्या मुलीच्या वेणीशी खेळत राहिला. मग म्हणाला, "लिहा बाबा. पण माझं नाव नका घालू." म्हणून ते या लेखात नाही. साहेबांना जाऊन विचारण्याची छाती मला झाली नाही, म्हणून त्यांचेही नाही.

शेवटी अण्णांपुढे कागद ठेवले. त्यांनी सावकाश वाचले, चष्मा पुसला, परत वाचले. मला वाटले, फाडून टाकतील. आणि खरे सांगतो, फाडून टाकावेत असेही क्षणभर वाटले. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून स्वतःच्या नावापुढे खूण केली, कमलबाईंच्या नावापुढे केली, आणि शेवटच्या पानावर माझ्या नावाशी येऊन थांबले. "याला विचारलं का कुणी?" मी म्हणालो, "न्हाई अण्णा." "मंग मी विचारतो. सुधाकर, पोराचं, सुनेचं, नातीचं सगळं ध्यानात घेऊन सांग. तुझं नाव छापू का?" बाहेर एक मोटारसायकल येऊन थांबली.  अण्णांनी घाई केली नाही. पेन्सिल कागदावर टेकवून ते माझ्याकडे पाहत राहिले.

अण्णा, आपल्याला शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो. गुडघे साथ देवोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि आमच्यासारख्या घाबरटांना दारात थांबवून विचारणारे आपण आम्हाला अजून पुष्कळ वर्षे मिळोत. मला आत्ता फार भीती वाटते आहे. खालचे नाव मला विचारून छापलेले आहे.

सुधाकर नेरकर
जालना