ओहोटीचं पाणी आणि तीळ

बाबा जर्मनीला आले तेव्हा बॅगेत सगळ्यात वर त्यांची पोहायची चड्डी होती. अलिबागला ते रोज समुद्रात उतरत. मी तिथे आखन शहरात सांडपाण्यावर संशोधन करतो. आमचं एक काम उत्तर समुद्रावर, सीमेलगतच्या किनाऱ्यावर चालतं, तिथे त्यांना हौसेनं नेलं. वाळूत पाटी होती: पोहण्यास मनाई. पलीकडच्या देशात जोराचा पाऊस झाला की पंपघर तुंबतं आणि मैला तसाच खाडीत सुटतो.

"तू यावरच शिकतोयस ना?" बाबा म्हणाले. "मग आटप की."

परत गेले आणि त्याच श्रावणात वारले.

तेव्हा पाण्यातल्या घाणीचे दोन्ही देशांचे आकडे जुळत नव्हते. पलीकडचे भरतीला नमुने घेत, तेव्हा समुद्राचं स्वच्छ पाणी आत आलेलं असे. आम्ही ओहोटीला घेत असू, तेव्हा खाडीतली घाण बाहेर येई. दोघंही आपापल्या परीनं खरे होते. पुष्कळ बैठकांनंतर ठरलं, एकाच ओहोटीला, एकाच जागी, दोघांनी मिळून नमुने घ्यायचे. असा पहिला दिवस नेमका बाबांच्या वर्षश्राद्धाचा निघाला. घरी जाणं जमलं नाही.

आई फोनवर म्हणाली, "समुद्रावरच आहेस ना? मग तिथेच तर्पण कर."

"आई, पाणी घाण आहे."

"गंगेत काय अत्तर वाहतं? तिथे कोण बाटलीत भरून बघतो?"

"मी बघतो."

"हं. मग तुझं कठीण आहे बाबा."

तरी खिशात काळे तीळ घेतले. पलीकडच्या संस्थेतली सहकारी आणि मी गुडघाभर पाण्यात उभे होतो. बाटल्या भरून झाल्यावर मी एक हातमोजा काढला. ती दचकली.

"काय करतोस? कालच तिकडे पाऊस झालाय."

मी तीळ दाखवले, वडिलांचं सांगितलं. ती म्हणाली, "मी तिकडे तोंड करून उभी राहते. पण नंतर हात नीट धू."

उघड्या तळहातात पाणी घेतलं. करडं, किंचित फेसाळ. वास ओळखीचा होता, तो ओळखणं हेच माझं काम. हे अंगठ्यावरून बाबांना द्यायचं? ज्या पाण्यात त्यांना उतरू दिलं नाही, ते प्यायला? बोटं उघडली. पाणी गेलं, तीळ दुसऱ्या मुठीतच राहिले.

संध्याकाळी आईला खरं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं.

"चुकलेली तिथी सर्वपित्रीला करतात," ती म्हणाली. "तोवर करा काय ते स्वच्छ."

जणू नळ बदलायचा होता. पलीकडे नवा पंप बसवायचं ठरलंय, कधी ते अजून ठरत नाही. पुढचे नमुने अमावास्येच्या ओहोटीला घेऊ, असं मी सहकारिणीला लिहिलं. तिनं कारण विचारलं नाही, हो म्हणाली. तीळ जॅकेटच्या खिशात तसेच आहेत. सकाळी उठलो की चहाच्या आधी पलीकडच्या गावाचा पाऊस फोनवर बघतो.