बकऱ्याने न फिटलेला नवस

बेळगावच्या स्टेशनावर त्या सकाळी मी रडले नाही, हे आक्का तू अजून निपाणीभर सांगतेस. रडू कशी? उड्या माराव्यात असं वाटत होतं मला. जर्मनीशी लढाई चालू होती, वय जेमतेम अठरा, आणि मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला मी पार निजामाच्या मुलखात, जालन्याला, निघाले होते. देवाने बोलावलं आणि मी हो म्हटलं, या आनंदात पाय जमिनीवर ठरत नव्हते. आप्पा खिडकीशी उभे राहून एकच घोकत होते, "तब्बेतीला जप गं. आन् देवाचं काम मन लावून कर." तू पदराने डोळे पुसत होतीस. आई मात्र आलीच नव्हती. गाडी हलली तरी माझी नजर फाटकाकडे होती.

ती का आली नाही ते तुला ठाऊक आहे. पण हे पत्र माझ्यासारख्या घर सोडून आलेल्या मैत्रिणीही वाचणार आहेत, म्हणून सांगते.

मी लहान असताना प्लेगची साथ आली. बेळगावला लागूनच असलेल्या आमच्या शहापूरचे माग बंद पडले, सगळे विणकर माळावर झोपड्या घालून राहिले. तिथेच माझ्या काखेत गाठ आली. आम्ही तेव्हा नवे ख्रिस्ती. आईला प्रार्थनेची सवय लागली होती, पण अडीनडीला तिच्या तोंडी जुना नवसच येई. तिने येशूलाच नवस केला: हिला ठेव, ही तुझी. मी वाचले. त्यानंतर आईने तो नवस विसरायचा फार प्रयत्न केला.

दवाखान्याचं बोलावणं आलं तसा तिला तो आठवला, आणि तिने त्यातून वाट काढली. आमच्या देवळात हंगामाचा सण होता. त्या दिवशी शेतकरी जोंधळ्याची कणसं आणतात, विणकर कापड, कुणी कोंबडी, आणि उपासना संपली की आवारात सगळ्याचा लिलाव होतो. आई आपलं पोसलेलं बकरं ओढत थेट वेदीपर्यंत गेली आणि भरल्या देवळात पाळकांना म्हणाली, "हे पोरीच्या बदल्यात घ्या. नवस फिटला म्हणा, म्हंजे मी सुटलो."

पाळक शांतपणे म्हणाले, "बाई, बकरं आनंदानं घेतो. पर पोरीचं काय ते पोरीलाच इचारू या."

मी उभी राहिले आणि जाते म्हणाले. तेवढ्यात बकऱ्याने कणसांना तोंड लावलं, लोक हसले. आई हसली नाही. बकरं तसंच ओढत तिने घरी नेलं, आणि त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली. सुटीत आले की ताटात भाकरी पडायची, वर लोण्याचा गोळाही पडायचा. पण दवाखान्याचं नाव काढलं की ती चुलीकडे तोंड फिरवायची. ते फार लागायचं मला.

इकडे माझी भाषा बिघडली असं तू म्हणतेस. बिघडू दे. शहापुरात मागाच्या खटखटीने जाग यायची, इथे वॉर्डातल्या लेकरांच्या रडण्याने येते. तोंडात बुखार, मरीज, थर्मामीटर असले शब्द, आणि 'का गं' म्हणायच्या जागी 'काहून' येतं. आपल्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, हे सांगितलं की इथल्या बायका खो खो हसतात. हसता हसता मलाच कधी गलबलून येतं.

आता मुद्द्याचं. आप्पा गेल्यापासून आई तुझ्याकडे होती, आणि सध्या चिकोडीला मावशीकडे गेली आहे असं तू धरून बसली असशील. ती इथे आहे! घाबरू नकोस, धडधाकट आहे.

परवा दुपारी औषधाच्या रांगेत एक म्हातारी बोचक्यावर बसली होती. मी नाव विचारलं, तिने मान वर केली. मिरज, पुणे, मनमाड अशा गाड्या बदलत, मराठी चालेना तिथे कन्नड, कन्नड चालेना तिथे हातवारे करत एकटी आली होती. ही मला परत न्यायला आली, आणि आता हिला नाही कसं म्हणू, एवढंच डोक्यात.

"आई, मला न्यायला आलीस?"

"न्हाय गं. ऱ्हायला आलोय मी."

मग तीच म्हणाली, "तुला देवाला दिली दिली म्हणत हुतो. दिली कुठं? मनात घट्ट धरून बसलेलो. तुमचं आप्पा गेलं तवा वाटलं, द्यायचं तर समदं द्यावं. देवाला म्हटलं, पोर तुझीच, आता मलाबी घे."

आक्का, मी इतकी वर्षं समजत होते की आज्ञा पाळली ती मी. पण मला जायचंच होतं गं. देवाची आज्ञा आणि माझी हौस एकाच डब्यात बसून आली होती. जिला सोडायचं नव्हतं तिने सोडलं, तेही हसतमुखाने. मला तिचा इतका अभिमान वाटतोय की काल दोन मरीजांची औषधं उलटसुलट करता करता राहिले.

तिने दवाखान्याचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलंय. आचाऱ्याला "अण्णा" म्हणते आणि त्याच्या जाड भाकऱ्यांवरून दिवसभर बोलते. मी काहीतरी निमित्त काढून सारखी तिकडे धावते. शहापूरच्या घराचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मला वाटायचं, माझं घर तेच आणि मी त्याला मुकलेली.

तू तिला न्यायला येणार हे मला माहीत आहे. ये, पण आधी हे ऐक. आज डॉक्टरबाईंनी त्यांच्या गोऱ्या मराठीत तिला विचारलं, "आजीबाई, घरी कधी जाणार?" आईने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "घरीच तर आलो की बाई, परवा."