अडकित्त्यानं कापलेली गोळी

माझी जीभ तिखट आहे. आईचीही तशीच होती. तिच्याकडून आम्हा दोघा भावंडांना आणखी एक गोष्ट मिळाली, हिपॅटायटीस बीचा विषाणू. तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं? आई पोट फुगून गेली, तेव्हा गल्लीत कुजबुज झाली, की बाई चोरून पीत असणार. आयुष्यात थेंबाला न शिवलेली बाई! ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. धाकटा भाऊ शेवगावात दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि मी नगरला, सावेडीतल्या एका बालवाडीत शिकवत होते. तो सारखा थकायला लागला, पायांवर सूज दिसायला लागली, म्हणून मीच त्याला नगरच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली आणि यकृत आतून निबर होत चाललंय असं कळलं. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला लावलं. भावजयीचं स्वच्छ निघालं, तिला लस सुरू झाली. माझं मात्र भावासारखंच निघालं.

भावाला त्यांनी नुकतीच बाजारात आलेली एक गोळी लिहून दिली. "रोज एक, पूर्ण," ते म्हणाले. "बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही, मनानं कमी-जास्त करायची नाही. मध्येच सोडलीत तर आजार उसळून येईल." मला गोळी नाही. माझं यकृत अजून ठीक होतं, म्हणून मी फक्त दर सहा महिन्यांनी रक्त दाखवायचं. उगाच औषध घेण्यात तोटाच आहे, असंही त्यांनी समजावलं. मी मान हलवली, पण ऐकलं कुठे?

"तुला औषध अन् मला नुसती तारीख," एसटी स्टँडवर मी भावाला म्हणाले. "मी काय आईसारखं पोट फुगायची वाट बघत बसू?" गाडी लागली आणि तो गेला.

पुढच्या रविवारी तो माझ्याकडे आला, तो गोळ्यांची पट्टी आणि आईचा अडकित्ता घेऊन. लहानपणी गुळाचा खडा असो, खोबऱ्याची वाटी असो की लिमलेटची गोळी, आई ती त्याच अडकित्त्यानं आमच्यात वाटायला लावायची. नियम एकच होता: जो कापील, त्यानं मागून उचलायचं. म्हणजे कापणाऱ्याला लबाडी करता येत नाही.

त्यानं ताटली पुढ्यात घेऊन आठवड्याच्या सात गोळ्या कापल्या. "आक्के, आधी तू उचल."

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. पन तुला न्हाई अन् मी एकट्यानं गिळायची? घशाखाली उतरत न्हाई गं ती."

मी शिकलेली, शेजारणींना अक्कल शिकवणारी. तेव्हाच त्याच्या हातातून अडकित्ता काढून घ्यायला हवा होता. पण मी हात पुढे केला. गोळ्या काही बरोबर मधोमध कापल्या जात नव्हत्या. मी मोठे तुकडे उचलले. भीतीनं उचलले, हे आज कबूल करते.

मग दर रविवारी तेच. आधी चहा, मग अडकित्ता, मग कागदाच्या दोन पुड्या. निम्मी तर निम्मी, पोटात जातेय ना, असं आम्हाला वाटायचं. जाताना तो मला चिडवायचा, "बालवाडीच्या बाई, गोळी चुकवली तर अंगठे धरून उभं करीन." असे काही महिने गेले.

तपासणीला गेलो तेव्हा त्याच्या रक्तातले यकृताचे आकडे खाली यायचे ते वर गेले होते. डॉक्टर चक्रावले. "एखादा दिवस चुकला का?"

"न्हाई डॉक्टर. रोज घेतली." यात खोटं काहीच नव्हतं. बोलून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मांडीवर रुमालाची घडी घालत बसले. घडी झाली, मोडली, पुन्हा घातली. तोंड उघडलं नाही.

पंधरा दिवसांत त्याचे डोळे पिवळे झाले, पोट टम्म झालं आणि त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हा व्हरांड्यात मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "अर्ध्या गोळीनं विषाणू मरत नाही, औषधाला सरावतो," ते म्हणाले. "आणि तुम्हाला तर तिची गरजच नव्हती. आता तुम्हीही ती मनानं सोडू नका, आधी रक्त बघू." ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मी त्या दिवशी बोलले असते तर?"

"तसं नक्की कुणालाच सांगता येणार नाही," ते म्हणाले, "पण मला कळायला हवं होतं."

नर्सनं त्याच्या तळहातावर पूर्ण गोळी ठेवली. तेव्हा तो अर्धवट भानावर होता. गोळीकडे पाहत त्यानं विचारलं, "अन् आक्काची?" नर्सला काही कळेना.

"माझी मी घेतली," मी म्हणाले. "ही सगळी तुझी हाय." त्यानं ती गिळली. पाचव्या दिवशी तो गेला.

माझ्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबल्या. पुढे बऱ्याच वर्षांनी मला खरंच औषधाची गरज लागली. आता रोज सकाळी एक गोळी घेते, ठरल्या वेळेला, एकही दिवस न चुकवता. भावजयीनं पुढे दिलेला आईचा अडकित्ता माझ्याकडेच आहे, पण तो मी कुणाला वापरू देत नाही. गोळी हातावर घेते आणि पूर्ण गिळते. मागून उचलायला आता कुणी नाही.