लाल पेनाची वर्तुळं

माझं काम फोटो दुरुस्त करण्याचं. दुबईतल्या एका जाहिरात कंपनीत बारा वर्षं मी तेच केलं. क्लायंटकडून प्रिंट परत यायची ती लाल पेनाने वर्तुळं करून. बाजूला इंग्रजीत सूचना असायच्या: दंड बारीक करा, मानेवरची घडी काढा, रंग उजळा. तिथल्या मासिकांसाठी बायांच्या आखूड बाह्याही मीच लांब करायचो. संध्याकाळी काम संपलं का, हे बॉस अरबीत विचारायचा, "खलास, हबीबी?" मी म्हणायचो, "खलास." आपण कुणाच्या तरी अंगावरून हात फिरवतोय, असं वाटायचं नाही. खरं तर काहीच वाटायचं नाही.

दुबईतल्याच अल मनखूल भागात बायको, मुलगी आणि मी राहायचो. मुलगी बारा वर्षांची झाली त्या दिवाळीत आमचा फोटो पुण्याला माझ्या आईला पाठवायचा होता. बायको म्हणाली, "अहो, मागचा पडदा मळका आलाय. तेवढा ऑफिसात नीट करून आणा."

पडदा झाला. हात मात्र थांबला नाही. मुलीची हनुवटी, दंड, मग रंग अर्धी छटा उजळ. पाच मिनिटांचं काम. बायकोला आणि मला तसंच ठेवलं. आमच्याकडे कोण बघणार होतं?

आठवड्याभराने आईचा फोन आला. स्पीकर चालू होता. "अगं बाई, पोर केवढी छान दिसतेय! बारीक झाली ना?"

मुलगी तिथेच उभी होती. तिने फ्रिजवर लावलेली दुसरी प्रत पाहिली, मग स्वतःचा दंड पाहिला. तिला कळलं, हे मला कळलं. तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. मी पेपर वाचत बसलो. त्याचा राग मला आजही येतो, पण तोही आता दुरून आल्यासारखा.

मग शाळेतून डबा भरलेलाच परत यायला लागला. बायको चिडायची. मुलगी म्हणायची, "आय ॲम नॉट हंग्री, मम्मा." मी म्हणायचो, वय आहे, होईल ठीक.

पुढच्या दिवाळीचा फोटो तिनेच पाकिटात घालून माझ्यासमोर ठेवला. मी घरी आणलेल्या प्रिंट तिने जेवणाच्या टेबलावर कितीदा पाहिल्या होत्या. फोटोत तिच्या अंगावर लाल वर्तुळं होती, शाळेतल्या सुबक अक्षरात सूचना होत्या. आमच्या दोघांवर एकही खूण नव्हती.

"सॉरी बाबा, इट्स अ लॉट."

"याची काही गरज नाही गं."

"बट यू डिड इट लास्ट टाइम."

ती वाट बघत उभी राहिली. मी फोटो उचलून जवळून बघितला. आणि माझ्या लक्षात आलं, डाव्या कोपराजवळची एक जागा तिच्याकडून राहून गेली होती.